मारुतीला बांधलेलं टोक

"लाल रेघ कुठाय?" बोधनकर साहेबांनी विचारलं.

पत्र्याच्या ऑफिसची अख्खी भिंत व्यापून पुलाचा आराखडा लावला होता. मीच आदल्या दिवशी परभणीहून छापून आणला होता. नदीत उतरवायच्या पायाच्या विहिरी, त्यांच्यावरचे खांब, गर्डर, सगळ्यात वरचा रस्ता, अशी प्रत्येक कामाची एकेक आडवी पट्टी. साहेबांनी चष्मा पुसून परत बघितलं. मीही बघितलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकूण एक पट्टी निळी होती.

ही रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं. आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काम पुढच्या कामाला बांधलेलं असतं. काही कामांना सवड असते, चार दिवस मागे-पुढे झाली तरी चालतात. पण कामांची एक साखळी अशी असते की तिच्यातलं एक काम रखडलं की अख्खा पूल रखडतो. ती साखळी सॉफ्टवेअर लाल रंगवतं. पुस्तकात तिला क्रिटिकल पाथ म्हणतात, आमच्या साइटवर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे लाल रेघ म्हणायचे. आमचा पूल चांगलाच रखडलेला होता, हे नदीकाठची कुत्रीसुद्धा सांगू शकली असती. आणि माझा आराखडा म्हणत होता की कशालाच घाई नाही.

बोधनकर साहेब सरकारी खात्याचे कार्यकारी अभियंता. पुलाचं काम आमच्या कंपनीकडे आणि लक्ष ठेवणारे ते. पलीकडच्या डोहगावाचा पावसाळ्यात जगाशी संबंध तुटायचा, म्हणून हा पूल. वरून त्यांच्यावर रोज तोफ डागली जात होती आणि त्यांना ती कुणावर तरी रिकामी करायची होती. ते आवाज न चढवता म्हणाले, "पुढच्या गुरुवारी येतो. तेव्हा रेघ दिसली पाहिजे. आणि ती ज्याच्या कामातून जाईल, तो माणूस त्यानंतर या साइटवर दिसता कामा नये."

सगळ्यांनी फैयाज देशमुखकडे बघितलं. पायाचं काम त्याच्याकडे होतं, आणि पाया रखडलाय हे कुणालाही दिसत होतं. का रखडलाय ते विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही.

फैयाज डोहगावचाच. गावातला पहिला इंजिनिअर. त्याला या साइटवर नेमलं तेव्हा पलीकडच्या काठावर लोकांनी फटाके वाजवले होते म्हणे. पुलाला गावात सरकारी नाव कुणी घेत नसे, सगळे "आपल्या फैयाजचा पूल" म्हणायचे. नोकरी काय, त्याला दुसरीकडे कुठेही मिळाली असती. पण स्वतःच्या गावासमोर, स्वतःच्या पुलावरून हाकलला जाणं हे निराळं. मीटिंग संपल्यावर तो भिंतीपाशी येऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, दोन दिवस द्या, रेघ शोधते, तुमचं काम निर्दोष असेल तर ते रेघच सांगेल. तो हसला. त्याला कुणी काही बोललं की तो आधी हसायचा.

दोन दिवस मी त्या संगणकासमोर डोकं आपटलं. रेघ काही सापडेना. मग मी नेहमी करायचे तेच केलं, उमरीकर सरांना फोन लावला.

भालचंद्र उमरीकर कंपनीच्या औरंगाबादच्या मुख्य ऑफिसात नियोजनाचे प्रमुख होते. मी तिथे लागले तेव्हा त्या खात्यात एकटीच मुलगी. पहिले काही महिने माझ्याकडून सगळ्यांनी टायपिंग करून घेतलं. सरांनी एक दिवस माझी खुर्ची ओढून स्वतःच्या टेबलापाशी नेली आणि मला आराखडा बांधायला शिकवलं. मला साइटवर पाठवायचं ठरलं तेव्हा माझे वडील अडून बसले, मुलीची जात, नदीकाठी पत्र्याच्या खोलीत एकटी राहणार, लोक काय म्हणतील. तेव्हा सर जिंतूरला आमच्या घरी आले, ओसरीवर मांडी घालून जेवले आणि वडिलांना म्हणाले, "तौर साहेब, अंबिका माझी मुलगी समजा. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं तर ते आधी माझ्याकडे वळेल." वडील विरघळले. मी तर केव्हाच विरघळले होते. सरांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तरी मी दिवा लावायला उठले असते.

त्यांची शिकवण दोन वाक्यांची होती. कामाला काम बांधायचं, तारखेला बांधायचं नाही. आणि आराखड्यात एकही टोक मोकळं सोडायचं नाही. सरांच्या गावी पद्धत होती, रानातून चुकून आलेलं जनावर सापडलं की ते मारुतीच्या पारापाशी बांधून ठेवायचं, ज्याचं असेल तो येऊन सोडून नेईल. सर म्हणायचे, मोकळं टोक म्हणजे मोकाट जनावर, कुणाच्याही शेतात शिरतं. म्हणून त्यांच्या प्रत्येक आराखड्यात सगळ्यात शेवटच्या कामाचं नाव "मारुती" असायचं. ज्या कामाला पुढे कुणी नाही, त्याचं दावं मारुतीला. मुख्य ऑफिसातली पोरं यावरून सरांची टिंगल करायची आणि आपापल्या आराखड्यात "समाप्ती" लिहायची. मारुती लिहिणारी माणसं जगात दोनच, सर आणि मी.

साहेबांना रेघ हवीय आणि ती सापडत नाही, हे सरांनी फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रेघ दाखवायलाच पाहिजे म्हणतात का ते?" मी सगळं सांगितलं, फैयाजचंही. ते म्हणाले, "येतो मी."

सोमवारी आले ते घरून काकूंनी दिलेला धपाट्यांचा डबा घेऊनच. आल्या आल्या मला विचारलं, वाळलीस किती, जेवतेस का नाही. मग माझ्या खुर्चीवर बसले, बाह्या सारल्या आणि वैद्याने नाडी बघावी तसं एकेक बघायला लागले. लाल रंग दाखवणारी खूणच कुणी बंद केली नाही ना? नाही. कामाच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बिघडलं का? नाही. मोकळी टोकं? एकही नाही. शेजारी उभी राहून मला पुन्हा शिकाऊ झाल्यासारखं वाटत होतं, आणि ते सुखाचं होतं. मग ते म्हणाले, नदीवर जा आणि फैयाजकडून कामाच्या खऱ्या तारखा घेऊन ये, कागदावरच्या नकोत. मी मेच्या उन्हात वाळू तुडवत गेले.

फैयाजला घेऊन परत आले तर पडद्यावर लाल रेघ होती.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. सर म्हणाले, गोष्ट साधी होती. शेवटच्या कामाला कुणीतरी लांबची तारीख ठोकून ठेवली होती. शेवटच इतका लांब खिळवला की अलीकडच्या सगळ्या कामांना आपोआप सवड मिळते, मग लाल व्हायला उरतं कोण? खिळा काढला, रेघ आली. मी विचारलं, खिळा ठोकला कुणी? महिन्यापूर्वी तपासणीसाठी मी फाइल मुख्य ऑफिसला पाठवली होती, तेव्हाच हे झालं असणार. सर म्हणाले, "असेल एखादं नवीन पोरगं. जाऊ दे."

फैयाज आमचं बोलणं ऐकत नव्हता. तो रेघेवरून बोट फिरवत होता. रेघ त्याच्या शेवटच्या विहिरीतून निघून विहिरीवरच्या झाकणात शिरली होती आणि तिथून खांबात. या काँक्रीटच्या झाकणाला आम्ही कॅप म्हणायचो. कॅपची पट्टी लांबच लांब होती, आणि तिच्यावर नाव होतं फैयाजचं.

"सर, विहीर तर वेळेतच उतरली," तो म्हणाला. "कॅपचे नकाशेच पुण्याहून उशिरा आले. नकाशाबिगर लोखंड तरी कसं बांधू?"

"सॉफ्टवेअरला सबबी कळत नाहीत, फैयाज," सर म्हणाले. तेही मऊ आवाजात.

सर गेल्यावर फैयाज दारात घुटमळला. त्याने कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, एकदा तुम्ही बघा. तुम्ही बघितलं आणि माझीच चूक निघाली, तर मला पटंल."

मला खरं तर राग आला. सरांनी बघितलेलं मी काय बघणार? पण आराखडा मूळ माझा होता. कॅपच्या आधी मी काय काय बांधलं होतं ते मला पाठ होतं, आईला लेकरांची नावं पाठ असतात तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा मी कॅपची पट्टी उघडून तिच्यात कोणकोणती कामं येऊन मिळतात ते बघितलं. विहीर होती. नकाशे नव्हते.

मी ते बांधले होते. नकाशे आल्याशिवाय कॅप नाही, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल. मग नकाशांचं काम शोधलं. ते दूर कोपऱ्यात निळं होऊन आरामात पडलं होतं, भरपूर सवड अंगावर घेऊन. नकाशे कितीही उशिरा आले तरी पुलाला काही फरक पडत नाही, असं ते सांगत होतं. त्याचं कॅपला बांधलेलं दावं कुणीतरी सोडलं होतं आणि अलगद नेऊन दुसरीकडे बांधलं होतं. सगळ्यात शेवटी. मारुतीला.

नुसती लबाडी करणारा असता तर त्याने दावं कापलं असतं आणि टोक तसंच लोंबकळत सोडलं असतं. मुख्य ऑफिसातल्या पोरांना ही शिस्त नव्हतीच. तोडलेलं टोक उचलून पारापाशी नेऊन बांधणारा माणूस एकच. मला वाटलं, काहीतरी कारण असेल. सरांना काही माहीत असेल जे मला माहीत नाही. माणूस अशा वेळी स्वतःच स्वतःला किती थापा मारतो.

मी सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. धपाटे कसे झाले होते ते विचारलं, तीळ जास्त पडले होते का ते विचारलं. सर आहेत का म्हटलं तर म्हणाल्या, ते पुण्याला गेलेत शिरीषकडे. शिरीष त्यांचा मुलगा. मला एवढंच ठाऊक होतं की तो पुण्यात इंजिनिअर आहे.

"त्याच्या ऑफिसातून तुमच्या पुलाचे नकाशे जायचे होते ना," काकू म्हणाल्या. "त्याला झाला उशीर. ह्यांच्या जिवाला घोर. म्हटलं कशाला काळजी करता, तर हे म्हणाले, अंबिका आहे तिथं, ती सांभाळून घेईल."

त्या बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कुंपणाने शेत खाल्लं हे मी लोकांकडून शंभरदा ऐकलं होतं. कुंपण खाताना समोर दिसतं तेव्हा आपण हो म्हणून फोन ठेवतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी फैयाजला सांगितलं. आम्ही शेवटच्या विहिरीपाशी वाळूत उभे होतो. कॅपचं काँक्रीट नुकतंच झालेलं, त्यावर ओली पोती अंथरलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली काळजी, आणि ती माझ्यासाठी होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे गुरू आहेत ते. जपून बोला."

मी म्हटलं, सर चांगले आहेत. लेकापायी एकदा पाय घसरला. मी मीटिंगमध्ये रेघ योग्य जागी दाखवली की ते स्वतःच कबूल करतील, उलट त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. हे मी मनापासून बोलत होते. माझं वय तेव्हा सव्वीस होतं.

गुरुवारी भिंतीवर नवा कागद लागला. नकाशांचं दावं मी पुन्हा कॅपला बांधलं होतं. रेघ आता पुण्याच्या नकाशांपासून निघून कॅपमध्ये शिरत होती, विहीर निळी झाली होती. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे रेघेवर बोट ठेवून सुरुवातीपासून वाचत गेले. बोट नकाशांवर थांबलं तेव्हा मी सरांकडे बघितलं. ते बोधनकर साहेबांच्या शेजारी बसले होते, मांडीवर हात ठेवून, शांत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बोधनकर साहेबांनी विचारलं, "म्हणजे दोष नकाशे करणाऱ्यांचा?"

"थोडं बोलू का?" सर उठले. "सोमवारी मी स्वतः इथे बसून हा आराखडा तपासला. तेव्हा रेघ विहिरीतून जात होती, फैयाजच्या कामातून. फैयाजनेही पाहिली. हा बदल त्यानंतर झालाय. नकाशांचं म्हणाल तर कच्चे नकाशे आधीच आले होते, समज असलेल्या माणसाने त्यावर लोखंड बांधायला घेतलं असतं."

कच्च्या नकाशावर लोखंड बांधलं आणि उद्या पूल खचला तर तोच माणूस जेलमध्ये जातो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं. पण सरांचं संपलं नव्हतं.

"साहेब, मी कुणाला दोष देत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज आमच्या ओसरीवर होता तसाच होता, मायेचा. "तरुण मुलं आहेत. आडरानात राहतात. रोजचा चहा एकत्र, संध्याकाळी नदीवर एकत्र. मायेपोटी तौर मॅडमचा हात आराखड्यात गेला असेल. त्यांच्या वयाला होतं असं. आपण समजून घ्यावं."

मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसू दाबलं. मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. हे वाक्य संध्याकाळपर्यंत परभणीला पोचेल, परवापर्यंत जिंतूरला. फैयाजचं नाव आणि माझं नाव एका दमात घेतलं की आमच्याकडे पुढचं कुणाला विचारावं लागत नाही. माझ्याकडे वळणारं पहिलं बोट कुणाचं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. केसाने गळा कापतात तो असा. कापणाऱ्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही.

मी बोलायला हवं होतं. माझ्या डोक्यात मारुती होता, पार होता, काकूंचा फोन होता, पण जिभेवर एक शब्द येईना. मी काहीही बोलले असते तरी ते आता फैयाजसाठी बोलले असं झालं असतं. सरांनी मला असं बरोबर बांधून ठेवलं होतं.

फैयाज उभा राहिला. या वेळी तो हसला नाही.

"साहेब, कॅपचा उशीर माझ्यामुळंच झाला," तो म्हणाला. "मॅडमचा काही संबंध नाही. मीच त्यांना नकाशाचं सांगून फसवलं. मी आजच जातो."

"हे खोटं आहे," मी म्हटलं. आवाज फुटला तो आत्ता, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. "साहेब, हे दोघंही खोटं बोलत आहेत."

"बसा मॅडम," बोधनकर साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. त्यांना एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. "पुरे आता. तुम्ही मुलीची जात आहात, म्हणून मी हे इथेच मिटवतो." त्यांनी माझ्यावर उपकारच केले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच दोर पुढे केलेला.

सर जीपपाशी उभे होते. ड्रायव्हर पाणी भरायला गेला होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला अजून वाटत होतं की आता कुणी नाही, आता ते काहीतरी बोलतील.

"का, सर?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "शिरीषचं नाव काळ्या यादीत गेलं असतं. उभं आयुष्य आहे त्याचं अजून."

"आणि फैयाजचं?"

"आधी मी रेघच घालवली होती, अंबिका. कुणाचंच नाव येऊ नये म्हणून. शेवटाला खिळा मीच ठोकला होता. चार महिने निळं निळं निघून गेलं असतं, पूल झाला असता, कुणाला काही कळलं नसतं. तूच फोन केलास. रेघ शोधून द्या म्हणून तूच मागे लागलीस. मग ती कुणाच्या तरी कामातून न्यावीच लागली."

म्हणजे सोमवारी आलेले सर रेघ शोधायला आलेच नव्हते. ती कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. कॅलेंडर तपासणं, खुणा तपासणं, मला शेजारी उभं करून एकेक समजावणं, मला उन्हात नदीवर पाठवणं, ते सगळं माझ्यासमोर मांडलेलं नाटक होतं. आणि मी टाळी वाजवली होती. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या टाळीची.

"माझ्या वडिलांना शब्द दिला होतात तुम्ही," मी म्हटलं.

"विसरतात लोक," ते म्हणाले. "चार दिवस बोलतील आणि विसरतील." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यांनी मान जराशी तिरकी केली, टेबलापाशी बसवून प्रश्न विचारायचे तेव्हा करायचे तशी. "तुला कळलं कसं? मी सगळं नीट केलं होतं."

"नकाशांचं टोक तुम्ही मारुतीला बांधलंत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. मारुतीचं नाव ऐकून तरी रडतील. त्यांनी हळूहळू मान हलवली.

"मोकळंच सोडायला हवं होतं," ते म्हणाले. "सवय नडली."

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात खरोखरचं कौतुक होतं. "शाबास," ते म्हणाले.

त्यांच्याकडे असताना या एका शब्दासाठी मी वर्षभर राबले होते आणि तो मला कधी मिळाला नव्हता. जीप धूळ उडवत गेली. मी तिथेच उभी होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगाचं चालतच आलंय, त्याचं मला इतकं लागलं नसतं. मीही त्यांची मुलगीच आहे असं मी खरंच समजून चालले होते, ते लागलं.

फैयाज घाटावर होता. पूल झाला नव्हता, म्हणून घरी जायला अजून नावच होती. सामान म्हणून एक पिशवी. मी त्याला खूप काही बोलणार होते, कशाला खोटं बोललात, मला विचारलं का, असं पुष्कळ. त्याने मला बोलू दिलं नाही. घाटावर दोन-चार माणसं उभी होती, त्यांच्याकडे एकदा बघून तो मुद्दाम लांबूनच, मोठ्याने, साइटवर बोलायचा तसं म्हणाला, "मॅडम, आज कॅपला पाणी मारायचं राहिलंय. ऊन लई आहे. तडे जातील."

नाव सुटली. पलीकडच्या काठावर लोक जमायला लागले होते. आज फैयाज भर दुपारीच कसा परत आला, हे विचारायला.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पूल झाला, त्यावरून डोहगावची एसटी जाते. सर म्हणाले तसे लोक विसरले, पण चार दिवसांत नाही. वडील तर शेवटपर्यंत विसरले नाहीत. मी अजून आराखडेच बांधते, आणि एकही टोक मोकळं सोडत नाही, तेवढं शिक्षण अंगातून जात नाही. फक्त शेवटच्या कामाला आता नाव देत नाही. फैयाज कुठे आखातात गेला असं ऐकलं. मला त्याचा पत्ता कुणाला विचारता आला नाही. विचारला असता तर लोकांचं खरं झालं असतं.

पण त्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. मी वाळू तुडवत शेवटच्या विहिरीपाशी गेले. पंप चालू केला, पाइप उचलला आणि शिडीने कॅपवर चढले. पोती कडकडीत वाळली होती. काठावर साइटची माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत उभी होती, तौर मॅडम फैयाजच्या कॅपला पाणी मारतायत म्हणून. मी त्यांच्याकडे पाठ केली नाही. एकेक पोतं उचलून खालून भिजवलं, परत अंथरलं, वरून भिजवलं. तडा एकही जाऊ दिला नाही.